तुम्ही विचारलेत म्हणून : स्प्रिंगटेलच्या फोटोला कोणता कॅमेरा लागतो?

"भाऊ, एवढ्याशा किड्याचा फोटो काढाले कोणता कॅमेरा लागते?" नागपुरात माझे स्प्रिंगटेलचे (ओल्या पालापाचोळ्यात राहणाऱ्या, उडी मारणाऱ्या इवल्याशा प्राण्याचे) फोटो ज्यांनी पाहिले, त्यांच्यापैकी बहुतेकांनी मला हा प्रश्न केव्हा ना केव्हा विचारला आहे आणि उत्तर ऐकून त्यांची थोडी निराशाही झाली आहे. कॅमेरा जुना, कॅननचा साधा एपीएस-सी (म्हणजे मध्यम आकाराच्या सेन्सरचा) डीएसएलआर आहे. लेन्स त्याच्यासोबत मिळालेली 18-55 मिलिमीटरची. आणि ती उलटी बसवण्यासाठी काही शे रुपयांची रिव्हर्स रिंग. इतक्या लहान विषयासाठी आधी प्रकाश सुधारावा, मग हा प्राणी कुठे व केव्हा सापडतो ते शिकावे आणि लेन्सचा विचार सर्वांत शेवटी करावा, असे माझे मत आहे.

त्यामागे साधे गणित आहे. बहुतेक स्प्रिंगटेल एक ते तीन मिलिमीटर लांबीचे असतात, आणि माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारे 22 मिलिमीटर रुंद आहे. नेहमीची मॅक्रो (जवळून फोटो घेण्याची) लेन्स सेन्सरवर जास्तीत जास्त एकास एक, म्हणजे प्रत्यक्ष आकाराएवढी प्रतिमा देते, म्हणजे दोन मिलिमीटरचा प्राणी चौकटीचा जेमतेम अकरावा भाग व्यापतो. लेन्स उलटी लावली की फोकल लेंथ जितकी कमी, तितकी प्रतिमा मोठी मिळते; 28 मिलिमीटरच्या आसपास ती प्रत्यक्ष आकाराच्या साधारण दुप्पट होते आणि 18 कडे जाताना आणखी वाढते. उलट्या लेन्सचा कॅमेऱ्याशी विद्युत संपर्क राहत नाही, त्यामुळे ॲपर्चर (प्रकाश आत सोडणारे लेन्समधले छिद्र) आधीच ठरवून ठेवावे लागते. कॅननमध्ये लेन्स सरळ असताना हवे ते ॲपर्चर निवडून, डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचे (किती खोलीपर्यंत स्पष्ट दिसेल ते आधी पाहण्याचे) बटण दाबून धरून, कॅमेरा चालू ठेवूनच लेन्स काढली, तर ॲपर्चरची पाती त्या जागी थांबतात. एवढा खटाटोप नको असेल, त्याने ॲपर्चरची रिंग असलेली जुनी 28 मिलिमीटरची लेन्स शोधावी. आतील काचेवर बुरशी नाही ना, हे मात्र उजेडात धरून पाहावे.

पुढची अडचण सर्वांना सारखीच आहे. दुप्पट प्रतिमेला एफ 8 वर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम पाव मिलिमीटर खोल असतो. तो वाढवण्यासाठी एफ 16 वर, म्हणजे आणखी लहान छिद्रावर जावे, तर या अंतरावर प्रत्यक्षात लागू होणारे ॲपर्चर एफ 48 च्या घरात पोहोचते आणि विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्यामुळे, सगळाच फोटो मऊ पडतो. ही मर्यादा लाख रुपयांच्या लेन्सलाही चुकत नाही. कॅननची एमपी-ई 65 ही लेन्स एक ते पाच पट प्रतिमा देते आणि काम फार सोयीचे करते, हे मान्य. पण खोली तीही वाढवून देत नाही. म्हणून मी प्राण्याची कूस सेन्सरला समांतर येईल अशी जागा घेतो, म्हणजे डोळा आणि पाठ त्या पातळ पट्ट्यात एकत्र बसतात. गोल शरीराच्या जातींना हे पुरत नाही. तिथे आपण कॅमेऱ्यासह किंचित पुढे झुकत ओळीने अनेक फोटो घ्यावे लागतात आणि ते हगिनसारख्या फोटो जोडणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करावे लागतात.

खरी किमया प्रकाशाची आहे. स्प्रिंगटेलची त्वचा ओलसर चकाकते, त्यामुळे लहान फ्लॅशचा थेट प्रकाश पडला की पाठीवर पांढरा डाग उठतो आणि खालचा रंग नाहीसा होतो. मी कॅमेऱ्याच्याच फ्लॅशपुढे पॅकिंगच्या पांढऱ्या फोमचा कागद वाकवून लेन्सच्या टोकापर्यंत आणतो. इतक्या जवळ आलेला तो कागद त्या प्राण्याच्या मानाने प्रचंड मोठा दिवा ठरतो. कमी शक्तीवर फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी काळ पेटतो, त्यामुळे हाताचा कंप गोठतो आणि ट्रायपॉडची गरज उरत नाही. एलईडीच्या सततच्या झोतापासून मात्र हे प्राणी पालापाचोळ्यात पळतात.

ते ओलाव्याला इतके का जखडलेले असतात, हे कळले की जागा आपोआप सापडते. बहुतेक जाती त्वचेतूनच श्वास घेतात, म्हणून कोरड्या हवेत त्या लवकर सुकतात. नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा त्यांना शहरातल्या सेमिनरी हिल्स या टेकडीवर शोधण्यात अर्थ नसतो; त्या दिवसांत रोज पाणी घातलेल्या कुंड्यांच्या तळाशी पाहावे. पाऊस स्थिरावला की ओल्या पालापाचोळ्यात, शेवाळावर आणि कुजक्या फांद्यांवरच्या बुरशीवर ते चरताना दिसतात. चरताना ते बराच वेळ एका जागी असतात, तीच आपली संधी. श्वास मात्र बाजूला सोडावा, कारण फुंकर लागताच पोटाखाली दुमडलेला उडीचा काटा सुटतो आणि प्राणी चौकटीतून नाहीसा होतो.

उडीचा फोटो का नाही, असे कुणी पुढे विचारतेच. उडी मारताना प्राणी काही मिलिसेकंदांत जमीन सोडतो आणि कुठे जाऊन पडेल ते सांगता येत नाही. ते काम अतिवेगवान कॅमेऱ्याचे आहे, माझे नव्हे. मला त्याऐवजी गोल जातींचे अंग साफ करणे टिपायला आवडते. पोटाखालच्या नळीतून दोन लांब, पारदर्शक तंतू बाहेर येतात आणि पाठीवरून, डोक्यावरून फिरतात. हे दृश्य साध्या रिव्हर्स रिंगलाही पुरते सापडते, फक्त तोपर्यंत फोकस त्या एकाच प्राण्यावर धरून ठेवावा लागतो.