लोकलने जाऊन खडकावर गरवताना

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, त्यानंतर आपल्याकडे शिकारीला रान बंद झालं, आणि झालं ते बरंच झालं. तरी पायी हिंडून, स्वतःच्या अक्कलहुशारीने काहीतरी पकडून घरी आणायची हौस काही जात नाही. मुंबईत ती भागते गरवण्यात, म्हणजे गळाने मासे धरण्यात, आणि त्याची जागा म्हणजे भरती आणि ओहोटी यांच्यामधला खडकाळ पट्टा. बँडस्टँड, कार्टर रोड, एरंगळ, मनोरी, उत्तन, कुठेही जा; लोकल, बस नाहीतर फेरीबोट, आणि पुढे आपले पाय.

गाडी दाराशी उभी असली की लागेल ते सामान डिकीत असतं आणि जागा पटली नाही तर दहा मिनिटांत दुसरी गाठता येते. पायी जाणाऱ्याला यातलं काहीच नाही. पाठीवर किती ओझं आणि परतीची वाट किती वाजेपर्यंत कोरडी, हे घरातून निघतानाच ठरलेलं पाहिजे.

म्हणून आधी पाणी. मोबाइलवर भरतीचं कोष्टक मिळतं, पण तिथीवरून हिशेब यायलाच हवा. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती, दुपारची आणि पहाटेची. एकादशीला सव्वाआठ. शुक्ल असो वा कृष्ण, पक्ष कोणताही चालतो. अर्धा तास इकडेतिकडे धरायचा. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. रोज हे वेळापत्रक सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकतं. पुनवेला आणि अवसेला उधाण; भरती बाराच्या आसपास, म्हणजे सुकती, पूर्ण ओहोटी, सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. अष्टमीला भांग, पाणी कमी चढतं आणि कमी उतरतं.

नवखा माणूस फसतो तो पाण्याच्या वेगात. भरती सहा तास सारख्या चालीने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. उधाणाच्या दिवशी सुकती ते भरती फरक ४ मीटर धरला तर तिसऱ्या तासात पाणी १ मीटर वर येतं. बँडस्टँडसारख्या सपाट खडकावर १ मीटर उभा चढ म्हणजे कित्येक पावलं आडवी जमीन पाण्याखाली. तुम्ही उभे असता तो उंचवटा कोरडाच राहतो, मागची घळ मात्र भरून जाते. बुडणारे बहुतेक समोरच्या लाटेकडे बघत असतात आणि पाणी पाठीमागून आलेलं असतं.

यावर उपाय म्हणजे सुकतीच्या अर्धा तास आधी पोचायचं. तेव्हा गळ टाकायचाच नाही. उघड्या पडलेल्या खडकात चालून बघायचं: घळी कुठे आहेत, वाळूचा पट्टा खडकाला कुठे भिडतो, जाळ्यांची भेंडोळी कुठे अडकून पडली आहेत. तीन जागांचे फोटो काढायचे, किनाऱ्यालगतच्या एखाद्या ठळक इमारतीच्या खुणेवर. मग सगळ्यात पुढच्या जागेपासून सुरुवात, आणि पाणी वाढेल तसं मागे सरकायचं. भरतीचे शेवटचे दोन तास आणि उतरणीचा पहिला तास हा मासा आमिषाला तोंड लावण्याचा वेळ. तो आपण सगळ्यात मागच्या, सुरक्षित जागेवरून गाठायचा. तिसऱ्या तासाच्या आत मधली घळ ओलांडून झालेली हवी, मासा लागत असला तरी.

रविवारी निघणार असाल तर मेगाब्लॉक आधी बघा. भरती रेल्वेसाठी थांबत नाही.

ओझं सगळं मिळून पाच किलोच्या आत बसवायचं, पिण्याचं पाणी धरून. रॉड टेलिस्कोपिक, ८ ते ९ फूट. मिटल्यावर मीटरभराच्या आत येतो आणि डब्यात कुणाच्या डोळ्यात जात नाही. दोन तुकड्यांचा रॉड टाकायला चांगला, पण गर्दीच्या वेळी तो घेऊन चढणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. रीळ ४००० नंबरचं पुरतं. त्यावर ०.४० मिलिमीटरचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकेरी दोरा, २०० मीटर. ब्रेडेड, म्हणजे विणलेला दोरा लांब जातो, पण आपल्या खडकांवर कालवांच्या धारा असतात. त्या ब्रेडला क्षणात कापतात. गळ आणि शिसं कडक झाकणाच्या डब्यात ठेवायचं. कापडी कप्प्यातला मोकळा गळ शेजारच्याच्या पँटीत सापडला तर समजूत घालणं अवघड जातं. याशिवाय लांब तोंडाची पक्कड, छोटी सुरी, डोक्याला लावायची बॅटरी, जुना टॉवेल, बँडेज आणि थर्मासमध्ये गरम पाणी. चहासाठी नव्हे, कारण पुढे येतंच. पायात चप्पल नको आणि गुळगुळीत तळाचा बूटही नको. हिरवं शेवाळ दिसेल तिथे पाऊल टाकायचंच नाही. खरबरीत, पांढरट कवचांनी भरलेला खडक पाय धरतो.

आता जोडणी. मुंबईच्या खडकात शिसं अडकणारच, ते गृहीत धरून बांधायचं. तीन कड्यांचं स्विव्हल, म्हणजे दोऱ्याला पीळ न पडू देणारा फिरता सांधा, घ्या. एका कडीला रिळावरचा मुख्य तंगूस. दुसरीला ०.५० मिलिमीटरचा हातभर तुकडा आणि त्याला गळ. तिसरीला वीतभर, पण फक्त ०.२५ मिलिमीटरचा तुकडा आणि त्याला वजन. वजन अडकलं की सगळ्यात बारीक दोरा तुटतो. गळ, मासा आणि स्विव्हल परत येतं. तिन्ही दोरे सारख्या जाडीचे ठेवले तर दर अडकणीला सगळी जोडणी जाते आणि वर काही मीटर तंगूस समुद्रात राहतो. त्यात पक्षी आणि कासवं अडकतात, ते वेगळंच पाप. वजन म्हणून शिसं विकत घेण्यापेक्षा गॅरेजमधून टाकून दिलेले स्पार्क प्लग आणावेत. फुकट मिळतात, ५० ग्रॅमच्या आसपास भरतात आणि गेल्याचं दुःख होत नाही.

या जोडणीचा एकच तोटा आहे. झटका देऊन फेकलं तर बारीक दोरा हवेतच तुटतो आणि प्लग गोळीसारखा सुटतो. रॉड मागे नेऊन एका सलग हालचालीत भिरकवायचा, आणि मागे कोणी नाही हे दर वेळी वळून बघायचं. गाठ साधी क्लिंचची, पाच-सहा पीळ. आवळण्याआधी थुंकीने ओली करायची; कोरडी आवळली की घर्षणाने तंगूस तापून कमजोर होतो आणि मासा ओढताना नेमका गाठीपाशी तुटतो.

गळाच्या नंबरात गोंधळ होतो तो असा: ६ नंबरचा गळ १ नंबरपेक्षा लहान, पण २/० हा १/० पेक्षा मोठा. मुडदुशी, लहान करकरा यांना ६ नंबर. शिंगाळा आणि तांब यांना १/० किंवा २/०. लहान तोंडाच्या माशापुढे मोठा गळ टाकला की आमिष चोखून जातं आणि माणूस समुद्राला शिव्या देत बसतो.

आमिषाला कोळंबी, बाजारातली, सोललेली. तशीच लावली तर दोन फेकीत गळून पडते. आदल्या रात्री जाड्या मिठात अर्धा तास ठेवून निथळली की घट्ट होते. शेपटीकडून ओवायची, गळाचं टोक बाहेर दिसलं पाहिजे, मग शिवणाच्या दोऱ्याचे पाच-सहा वेढे घालायचे. चिंबोऱ्या कुरतडतात, त्यांना एवढ्याने थोडा उशीर होतो. फारच त्रास देऊ लागल्या तर माकुलाची बोटभर लांब पट्टी लावा, ती टिकते.

शिंगाळा लागला की हात आवरायचा. पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे तीन दातेरी, विषारी काटे तो ताठ उभे करतो. टॉवेलात धरू नका, काटा टॉवेलातून आत जातो. खडकावर बुटाने अलगद दाबून पक्कडीने गळ काढायचा. पाकट लागली तर दोरा जवळून कापून सोडून द्यावी हे उत्तम. शेपटीतला काटा ती कुठूनही वळवते. टोचलाच तर थर्मासमधलं पाणी उपयोगी पडतं. सोसवेल इतकं गरम, ४५ अंशांच्या आसपास, आधी दुसऱ्या हाताने तपासून, त्यात जखम बुडवून धरायची. या विषातली प्रथिनं उष्णतेने निकामी होतात आणि कळ उतरते. हे अर्धा तास ते दीड तास करावं लागतं, थर्मास तेवढा पुरत नाही, म्हणून लगेच जवळच्या टपरीवर जायचं. नंतर दवाखाना आणि धनुर्वाताचं इंजेक्शन चुकवायचं नाही.

जागेची रीत. कोळ्यांचे खुंट आणि लावलेली जाळी दिसली की तिथून लांब. कालवं काढणाऱ्या बायका बसल्या असतील त्या खडकावर गळ भिरकवायचा नाही. आधी विचारलं तर पाणी कसं फिरतंय हे त्याच सांगतात, आणि ते कोष्टकापेक्षा खरं असतं. मरीन ड्राइव्हच्या टेट्रापॉडवर, म्हणजे लाटा अडवणाऱ्या चार पायांच्या काँक्रीट ठोकळ्यांवर, उतरू नये. फटीत पाय गेला तर काढणं कठीण. पालिकेचा धोक्याचा फलक असेल तिथे वाद घालू नये. कांदळवनात शिरायचं नाही, ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य तर नाहीच. १ जून ते ३१ जुलै ही बंदी यांत्रिकी नौकांना आहे, गळाला नाही. तरी त्या दिवसांत खडकावर जाण्यात शहाणपण नाही, कारण पावसाळी लाटेला तिथी कळत नाही. राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिले आहेत. ते मुख्यतः मासेमारी व्यवसायासाठी, पण वीतभर तांब किंवा जिताडा परत सोडायला आपल्याला सरकार कशाला लागतं? समुद्रघोडा, कासव चुकून आलं तर तत्काळ पाण्यात, फोटोसाठीसुद्धा थांबायचं नाही.

माहीमची खाडी, मिठीचं मुख, ठाणे खाडीचा आतला भाग इथला मासा खाऊ नये. तिथे नाल्याचं आणि कारखान्यांचं पाणी येतं. सराव करायला हरकत नाही.

ठेवायचा मासा लगेच मारायचा: डोक्यावर एक ठोसा, मग कल्ले कापून रक्त वाहू द्यायचं. तडफडत ठेवलेला मासा लवकर नरम पडतो. बर्फाची पेटी पायी नेता येत नाही, त्याऐवजी पाण्याच्या दोन लिटरभर बाटल्या गोठवून न्यायच्या. जाताना थंडावा, येताना माशाच्या दोन्ही बाजूंना, आणि वितळलं की प्यायला. मासा आधी आतडी काढून, मग दोन पिशव्यांत, तोंडं उलट दिशेला. गळकी पिशवी घेऊन साध्या डब्यात चढू नका; मालडब्यात कोळणींच्या टोपल्यांशेजारी कोणी नाक मुरडत नाही.

घरी आल्यावर रीळ नळाच्या जोरदार धारेखाली धरू नये, त्याने मीठ बेअरिंगपर्यंत आत ढकललं जातं. ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, आवळून ओल्या फडक्याने पुसायचं, सावलीत वाळवायचं, ड्रॅग सैल करून ठेवायचं. टेलिस्कोपिक रॉडचा प्रत्येक तुकडा वेगळा पुसायचा. एका तुकड्यात वाळू राहिली तर पुढच्या वेळी तो उघडतो, पण मिटत नाही, आणि आठ फुटांचा रॉड घेऊन लोकलने परतावं लागतं.