शिळं पाणी

लातुरात घरोघर फिरून ‘पाणी जपून वापरा’ असं सांगायचं माझं काम. लातूरकराला हे सांगायला तोंड वर होत नाही. २०१६ साली मांजरा धरण आटलं आणि एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वॅगन होत्या, एकेकीत पन्नास हजार लिटर. हा विषय निघाला की लोकच मला त्या उन्हाळ्याच्या गोष्टी सांगत बसतात, माझं पत्रक हातातच राहतं.

त्या दिवशी एका गल्लीत शिरलो आणि चपला भिजल्या. आठवड्याने नळ आला होता. एक काकू निळं टिपाड कलतं करून पाणी नालीत सोडत होत्या. टिपाड दोनशे लिटरचं, निम्मं तरी भरलेलं असेल.

“काकू, कशाला सांडायलाव?”

“शिळं झालंय की. ताजं आलंय आता.”

मी ठरलेलं बोललो, झाकलेलं पाणी आठवड्यात शिळं होत नाही वगैरे. काकूंनी टिपाड सरळ केलं आणि कमरेवर हात ठेवला.

“मागल्या आठवड्यात आशाताई सांगून गेली, आठवड्याला एक दिवस सगळं कोरडं करा, नाहीतर डेंगी होतो. आता तुम्ही म्हणायलाव सांडू नका. ऐकावं कुणाचं?”

याचं उत्तर पत्रकात नव्हतं. आशाताईही बरोबर होती. टिपाडात वाकून पाहिलं तर बारीक अळ्या वळवळत होत्या. डेंगीचा डास पाण्यात नाही, पाण्याच्या रेषेवर, भांड्याच्या आतल्या कडेला अंडी घालतो. ती कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात. म्हणजे नुसतं पाणी ओतून भागत नाही; टिपाड आतून घासावं लागतं. आणि ते पाणी फडक्यातून गाळून संडासाला, फरशीला चालतं.

हे सगळं मी मोठ्या उत्साहाने समजावलं.

“मग घासा की,” काकू म्हणाल्या.

बाह्या सरसावल्या. जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळत पाणी बादल्यांत काढलं. बादल्या संपल्या, शेजारून टब आणला, तोही भरला. मग टिपाड आडवं करून काथ्या घेऊन खांद्यापर्यंत आत शिरलो. कडेला बोट फिरवलं तर बुळबुळीत थर. तो निघेस्तोवर घामाघूम झालो. मधेच काकूंचा नातू येऊन आत “ओऽऽ” करून गेला, कान बधिर झाले.

टिपाड लख्ख झालं. उभं केलं, पाइप आत सोडला. पाइपातून फुस्स झालं, दोन थेंब पडले.

नळ गेला होता.

काकूंनी रिकाम्या टिपाडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“पुढल्या बारीला,” त्या म्हणाल्या, “आदल्या दिवशी या.”