चहात भिजवलेला चार जुलै

तीन जुलैच्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर परातीत कोरा चहा ओतलेला होता आणि त्यात चार पांढरे कागद भिजत पडले होते. सहा वर्षांची थोरली चमच्याने चहा सगळीकडे सारखा पसरत होती. तीन वर्षांचा धाकटा चोथा बोटाने उचलून कागदावर ठिपके काढत होता. कागद जुना दिसायला हवा होता, राजाच्या काळातला. रात्रभर खिडकीपाशी वाळवल्यावर तो तसा दिसलाही.

आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये, बॉस्टनजवळच्या एका गावात राहतो. चार जुलै, म्हणजे अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, पाहायला लोक लांबून बॉस्टनला येतात. चार्ल्स नदीच्या काठी बॉस्टन पॉप्स या वाद्यवृंदाचा खुला कार्यक्रम होतो, त्यात तोफा धडाडतात आणि मग नदीवर आतषबाजी. लग्नानंतर आम्ही दोघं भर दुपारपासून चटई टाकून तिथे बसलो होतो आणि ती रात्र मी कधीच विसरणार नाही. पण इथे जुलैत सूर्य मावळायलाच जवळजवळ साडेआठ होतात, फटाके त्यानंतर तासाभराने, आणि आमची मुलं आठला झोपतात. दोन वर्षांपूर्वी तरीही गेलो. पहिल्याच बारानं धाकटा जो थरथरायला लागला, तो घरी येऊन अंथरुणावर टाकेपर्यंत थांबला नाही. त्याचं काळीज किती जोरात धडधडत होतं ते माझ्या खांद्याला कळत होतं. तेव्हापासून चार जुलै घरी.

घरी म्हणजे फुलबाज्या तरी असतील, असं आईला फोनवर वाटलं. नाहीत. मॅसॅच्युसेट्समध्ये घरगुती फटाक्यांवर पूर्ण बंदी आहे आणि त्यात साधी फुलबाजीसुद्धा आली. शेजारच्या न्यू हॅम्पशायर राज्यात फटाक्यांची मोठाली दुकानं आहेत, पण तिथून विकत आणलेला माल इकडे बाळगणं हाही गुन्हाच. दिवाळीत मला याचं फार वाईट वाटायचं. आता लहान हातांकडे पाहिलं की वाटत नाही. जळत्या फुलबाजीचं टोक हजार अंश सेल्सिअसच्या घरात तापतं, आणि लहानपणी आपण ती विझल्यावर पाण्याच्या बादलीत टाकायचो ते उगाच नव्हे.

तर आमचा दिवस सकाळचा असतो, आपल्या पंधरा ऑगस्टसारखा. गल्लीतली मुलं सायकली, तीनचाकी, बाहुल्यांच्या ढकलगाड्या लाल-पांढऱ्या-निळ्या पट्ट्यांनी सजवतात आणि दहाच्या सुमाराला कोपऱ्यापर्यंत फेरी काढतात. पलीकडच्या आजी दारात खुर्ची टाकून प्रत्येकाला हात करतात. मला ही प्रभातफेरीच वाटते. घोषणा नाहीत एवढंच, त्यांच्या जागी सायकलच्या घंट्या. शेवटी मी लिमलेटच्या गोळ्या वाटते, कारण झेंडावंदनानंतर हातात खाऊ पडला नाही तर तो स्वातंत्र्यदिन कसला? पहिल्या वर्षी मुलांनी गोळ्या जरा संशयानेच तोंडात टाकल्या. यंदा फेरी सुरू व्हायच्या आधीच विचारणा झाली.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसते. इथे या दिवसात झेंडा सगळीकडे छापलेला असतो: कागदी रुमालांवर, ताटल्यांवर, कपांवर, पोहायच्या चड्डीवरसुद्धा. जेवण झालं की तो रुमाल खरकट्यासकट कचऱ्यात. माझे वडील पंधरा ऑगस्टच्या संध्याकाळी मला घेऊन रस्त्यावर फिरायचे आणि चिखलात पडलेले कागदी तिरंगे आम्ही एकेक करून पिशवीत गोळा करायचो. त्यांनी याबद्दल कधी भाषण दिलं नाही, नुसते वाकायचे आणि उचलायचे. त्यामुळे झेंड्याने हात पुसणं मला जमतच नाही, मग झेंडा कुणाचाही असो. पुढे कळलं की अमेरिकेच्या ध्वजसंहितेतही हेच लिहिलंय. १९४२ पासून ती कायद्यात आहे: झेंडा कपडा म्हणून घालू नये, कागदी रुमालांवर किंवा वापरून फेकायच्या वस्तूंवर छापू नये. शिक्षा काही नाही, म्हणून कुणी पाळत नाही. आमच्याकडे साधे निळे रुमाल असतात. आणि केशर न घातलेलं पांढरं श्रीखंड, त्यावर स्ट्रॉबेरी आणि ब्लूबेरी, वाटीत. त्याचा झेंडा करत नाही.

जेवणात मटार असतोच. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या आमच्या या ईशान्य भागात, चार जुलैला सामन मासा, ताजे मटार आणि नवे बटाटे खायची जुनी पद्धत आहे. मासा आम्ही खात नाही, म्हणून मटारची उसळ आणि बटाट्याची भाजी. शेंगा सोलायला दोन्ही मुलं बसतात, अर्धे दाणे तोंडात जातात.

आता त्या कागदांकडे येते.

हे सगळं सुरू झालं थोरलीच्या प्रश्नाने. “आई, आज कुणी काय केलं म्हणून सुट्टी आहे?” ‘देश स्वतंत्र झाला’ हे उत्तर सहा वर्षांच्या मुलीला पुरत नाही. मग मी सांगितलं की लोकांनी राजाला एक पत्र लिहिलं, त्यात त्याच्याबद्दलच्या तक्रारी एकाखाली एक मांडल्या, आणि शेवटी लिहिलं की आजपासून आम्ही तुझे नाही. त्या पत्रात, म्हणजे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात, इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याच्याविरुद्ध सत्तावीस तक्रारी आहेत. ४ जुलै १७७६ ला तो फिलाडेल्फियात मंजूर झाला आणि बॉस्टनच्या ओल्ड स्टेट हाउसच्या सज्जातून लोकांना वाचून दाखवला गेला १८ जुलैला. “चौदा दिवस?” तिने बोटांवर मोजलं, बोटं संपली. अजूनही दर चार जुलैला त्याच सज्जातून तो मोठ्याने वाचतात.

मग चहा. त्याच्या अडीच वर्षं आधी, १६ डिसेंबर १७७३ ला, याच बॉस्टनच्या बंदरात लोकांनी ३४२ पेट्या चहा समुद्रात फेकला. तो चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता. हे नाव उच्चारताना माझ्या अंगावर दरवेळी काटा येतो. त्याच १७७३ च्या ऑगस्टमध्ये शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला, राघोबादादा इंग्रजांकडे गेले आणि १ मार्च १७७६ ला पेशव्यांच्या कारभाऱ्यांनी पुरंदरचा तह केला तो याच कंपनीशी. शाळेत आपण ही दोन वेगळी पुस्तकं शिकलो. माझ्या मुलीसाठी ती एकाच परातीत आली. “म्हणजे आबांच्या पुण्यात पण तेच लोक होते?” हो, तेच.

वाळलेल्या कागदावर तिने स्वतःचा जाहीरनामा लिहिला. पहिली तक्रार, भावाने खडू मोडू नयेत. दुसरी, आंघोळ गोष्टीनंतर असावी. तिसरी, आईने जेवताना फोन बघू नये. मी फोन उचलला आणि खणात ठेवला. रात्रीपर्यंत काढला नाही. खाली तिने सगळ्यात मोठी सही केली, कारण तिला मी जॉन हॅन्कॉकची गोष्ट सांगितली होती. हा बॉस्टनचा व्यापारी, त्याची सही मूळ कागदावर सगळ्यात मोठी आहे. धाकट्याने दुसऱ्या कागदावर पंजा उमटवला.

‘सर्व माणसं समान आहेत’ हे जाहीरनाम्यातलं वाक्य मला तिला नुसतंच पाठ करून द्यायचं नव्हतं. ते लिहिणाऱ्या थॉमस जेफरसनने आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसं गुलाम म्हणून ठेवली. हे मी तिला सांगितलं. ती गप्प झाली, मग म्हणाली, “मग ते खोटं बोलले?” इथे मला एलिझाबेथ फ्रीमन आठवली. मॅसॅच्युसेट्सच्या १७८० च्या राज्यघटनेत सगळे जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत असं लिहिलं होतं. गुलाम असलेल्या या बाईने ते शब्द स्वतःला लावले, वकील गाठला आणि १७८१ मध्ये खटला जिंकून मोकळी झाली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. देशभरातली गुलामी संपायला मात्र १८६५ उजाडलं, आणि १८७३ मध्ये जोतिराव फुल्यांनी आपली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मोकळं करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. एवढं सगळं सहा वर्षांच्या डोक्यात जात नाही, ठाऊक आहे. मी फ्रीमनबाईंपाशी थांबले. थोरलीने तिसऱ्या कागदावर तिचं चित्र काढलं, डोक्याला रुमाल बांधलेलं, हातात कागद घेतलेलं.

रात्री पंखा मोठा करून धाकट्याला झोपवलं. दूरचे आवाज येत होते, तो हलला नाही. थोरलीला त्या एका दिवसापुरती जागायची परवानगी होती. झाडांच्या वर नुसता उजेड दिसत होता, लाल, मग हिरवा, आवाज मागाहून. ती खिडकीच्या कठड्यावर हनुवटी टेकून बघत होती.

चौथा कागद कोराच आहे. तिने तो वहीत जपून ठेवलाय. पंधरा ऑगस्टला त्यावर काय लिहायचं, हे तिला आबांना विचारायचं आहे.