तुम्ही विचारलंत म्हणून: टोमॅटोची फुलं गळतात, खत वाढवू का?

एप्रिल लागला की गच्चीवर भाजी लावणाऱ्यांचा हा प्रश्न ठरलेला: टोमॅटोला फुलं भरपूर येतात, पण सगळी गळून जातात, खत कमी पडतंय का?

नाही. खत अजिबात वाढवू नका. दिवसा पारा 35 अंशांच्या वर आणि रात्रीही 23-24च्या खाली उतरत नसेल, तर टोमॅटोचे परागकण निकामी होतात आणि फूल देठाच्या गाठीपाशी पिवळं पडून गळतं. अशा वेळी खत दिलं तर पाला तेवढा वाढतो आणि झाडाची तहानही. या दिवसांत झाड जगवायचं, बस. 50 टक्के सावलीची शेडनेट शेंड्यापासून दोन फूट वर ताणा. काळी ग्रो बॅग उन्हात तापून मुळं भाजतात, तिला गोणपाट गुंडाळा. मातीवर दोन-तीन इंच पालापाचोळा किंवा उसाचं पाचट पसरा, पण खोडाला चिकटू देऊ नका.

पाणी सकाळी आठच्या आत. आधी मातीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसून बघा. ओल लागली तर थांबा. दुपारी पानं मलूल झाली म्हणून लगेच पाणी ओतायची गरज नाही, संध्याकाळी ती पुन्हा ताठ झाली की मुळं ठीक आहेत. एक दिवस कोरडं, एक दिवस चिखल असं चाललं की फळाच्या बुडाशी काळा, चिवट डाग पडतो. फळाला कॅल्शियम कमी पडल्याची ही खूण. बहुतेकदा मातीत ते असतं, पण पाण्याबरोबर फळापर्यंत पोचत नाही. अंड्याची टरफलं कुजायला महिने लागतात, त्यांचा इथे उपयोग नाही.

मग वळीव येतो. कोरड्या कुंडीत एकदम पाणी भरलं की पिकत आलेला टोमॅटो तडकतो. म्हणून आभाळ भरून आलं की बुडाशी रंग धरलेले सगळे टोमॅटो उतरवून घ्या. घरात, फ्रिजबाहेर, ते छान पिकतात. भर उन्हात झाडावर ठेवलेल्यांना नीट लाल रंगच चढत नाही. पावसानंतर कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी ओतून द्या आणि वाफसा येईपर्यंत, म्हणजे चिखल जाऊन मातीत नुसती ओल उरेपर्यंत, पाणी बंद.

खरं तर उन्हाळा भेंडी, गवार, चवळी, दुधी, दोडक्याचा. भेंडी एक दिवसाआड काढाच. टोक कटकन मोडलं तर कोवळी. चार-पाच शेंगा निबर राहिल्या की झाड बी धरायच्या मागे लागतं आणि नवी फुलं कमी होतात.

दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, आणि उंच गच्चीवर त्या वेळी पराग वाहून नेणारे पतंग (रात्री उडणारे कीटक) क्वचितच फिरकतात, म्हणून ते काम आपण हाताने करायचं. मादी फुलाखाली लवदार, इवलासा दुधी असतो. नर फूल तोडून पाकळ्या मागे दुमडा आणि मधला पिवळा परागांचा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. चार-पाच दिवसांत इवला दुधी फुगू लागला तर फळ धरलं. पिवळा पडून सुकला तर पुढच्या फुलावर पुन्हा करा.

टोमॅटोचं झाड मेअखेर निरोगी असेल तर उपटू नका. वरचा एक तृतीयांश भाग छाटून मूठभर शेणखत द्या. पावसाने हवा गार झाली की नव्या फुटव्यांवरची फुलं टिकतात.