आधी जागा, मग गाडी

जपानमधल्या हामामात्सुला येऊन दीड वर्ष झालं आणि आम्ही गाडी घ्यायचं ठरवलं. टोकियोत गाडीवाचून कुणाचं अडत नाही, पण इथे आमच्या भागात बस तासाला एक. मुलीला पाळणाघरात सोडून वेळेत कामावर पोचायचं तर स्वतःचं वाहन हवंच. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, स्टिअरिंगही उजवीकडे, त्यामुळे चालवायची धास्ती नव्हती.

शोरूममध्ये आधी रंग विचारतील, हप्ते विचारतील असं वाटलं होतं. पहिला प्रश्न आला तो असा : "गाडी ठेवणार कुठे?"

इथे 'शाको शोमेई' नावाचा दाखला लागतो. १९६२ च्या कायद्यापासूनची ही पद्धत. राहत्या ठिकाणापासून २ किलोमीटरच्या आत, रस्त्याच्या बाहेर, गाडी पूर्ण मावेल अशी जागा दाखवल्याशिवाय गाडीची नोंदणीच होत नाही. आणि हा दाखला पोलीस ठाणं देतं. मी घरमालकांकडून महिना ५ हजार येन भाड्याने जागा घेतली, त्यांचं संमतिपत्र आणलं. मग टेप धरून जागेची लांबी-रुंदी मोजली, समोरचा रस्ताही मोजला आणि आकड्यांसकट नकाशा काढून दिला.

फोनवर बाबांना सांगितलं तर म्हणाले, "अगं, गाडी आपली, पैसे आपले, पोलिसांचा काय संबंध?"

संबंध रस्त्याचा आहे. एकाच जागी सलग १२ तास किंवा त्याहून जास्त, आणि रात्री ८ तास किंवा त्याहून जास्त वेळ गाडी रस्त्यावर उभी ठेवणं या कायद्याने गुन्हा आहे. म्हणून आमच्या गल्लीत रात्री नुसता रस्ता दिसतो, मोकळा. पहिल्या आठवड्यात तो बघून मला कसंतरीच व्हायचं. सगळे गाव सोडून गेलेत की काय, असं वाटायचं.

जागा मोजून मिळते म्हटल्यावर गाड्याही तशाच घडल्या. पिवळ्या नंबरप्लेटच्या 'केई' गाड्या इथे पावलोपावली दिसतात. इंजिन ६६० सीसीपर्यंत, लांबी ३.४ मीटर आणि रुंदी १.४८ मीटरच्या आत. कर कमी, आणि जागेचे नियमही सैल : पुष्कळ ठिकाणी नंतर नुसतं कळवलं की पुरतं, खेड्यापाड्यांत तेवढंही लागत नाही. शेजारच्या आजी अशाच डबीएवढ्या गाडीतून कांद्याची पोती आणतात.

या छोट्या गाड्यांशी माझं, इचलकरंजीच्या मुलीचं, एक नातं निघालं. मिचिओ सुझुकी यांनी १९०९ मध्ये याच हामामात्सुत कारखाना काढला तो मागांचा. टोयोटाची मुळंही मागांच्याच कारखान्यात आहेत. मागाच्या खटखटीत लहानाची मोठी झालेली मी सुझुकीच्या संग्रहालयात त्या जुन्या मागासमोर बराच वेळ उभी राहिले. मागावरून ही मंडळी १९५५ मध्ये ३६० सीसीच्या 'सुझुलाइट'पर्यंत आली आणि १९८३ मध्ये सुझुकीचीच छोटी गाडी मारुती ८०० होऊन आपल्याकडे उतरली. बाबांच्या मित्राची पांढरी मारुती आली तेव्हा अख्ख्या गल्लीने पेढे खाल्ले होते.

गाडी आली, जागेचा नियम मात्र आला नाही. तीन वर्षांपूर्वी आजीला पहाटे छातीत दुखू लागलं. रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशी आली आणि तिथेच थांबली, कारण दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या. बाबांनी आणि शेजारच्या पोरांनी आजीला खुर्चीत बसवून उचलून नेलं. आजी वाचली. पण त्या गाड्यांचे मालक वाईट नव्हते, त्यांच्यापैकी दोघे तर खुर्ची धरायलाच होते. गाडी घेताना 'ठेवणार कुठे' हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. महाराष्ट्रात असा नियम आणायची चर्चा अधूनमधून होते. तो यावा असं मला मनापासून वाटतं, आणि घराजवळ भाड्याने मिळणाऱ्या जागाही त्याच्यासोबतच याव्यात. नाहीतर नुसते खोटे दाखले तयार होतील.

गेल्या महिन्यात बाबांनी गाडी घ्यायचा विषय काढला. मी म्हटलं, आधी अंगण मोजा. संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर ते टेप घेऊन उभे होते, दुसरं टोक आईच्या हातात.

"तुळस दीड फूट सरकवली की बसते बघ," बाबा म्हणाले.

"तुळस हलायची नाही," आई म्हणाली.

आता ते आणखी लहान गाडी बघताहेत.