छतात न खुपणारे व्हेंट निवडताना

आमचं घर इंग्लंडमध्ये रेडिंगला आहे. 1930च्या दशकातलं, एका बाजूची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक असलेलं. आम्ही खिडक्या बदलल्या, माळ्यावर जाड लोकर अंथरली, फटी बुजवल्या, आणि त्याच हिवाळ्यात आईच्या खोलीत कपाटामागे काळी बुरशी धरली. घर ऊबदार झालं होतं, पण आंघोळीची, स्वयंपाकाची, घरात वाळत घातलेल्या कपड्यांची वाफ बाहेर पडायला वाटच उरली नव्हती.

आईला दमा आहे. त्यामुळे पुढच्या उन्हाळ्यात घर उघडलंच होतं तेव्हा उष्णता परत मिळवणारं वायुवीजन बसवायचं ठरवलं. हे यंत्र स्वयंपाकघर आणि बाथरूममधली दमट हवा ओढून बाहेर टाकतं आणि तिची ऊब बाहेरून येणाऱ्या ताज्या हवेला देतं. दोन्ही हवा मात्र एकमेकींत मिसळत नाहीत. बाहेर 0 अंश आणि घरात 21 अंश असताना 90 टक्के ऊब परत मिळाली, तर खोलीत येणारी हवा 19 अंशांच्या आसपास असते.

यंत्र माळ्यावर जाणार होतं. माझा जीव अडकला होता छतांमध्ये. चार खोल्यांत हवा सोडायची, चार ठिकाणांहून ओढायची, म्हणजे छताला आठ भोकं, आणि प्रत्येक भोकाला एक व्हेंट, म्हणजे हवेचं तोंड. कोटेशनमध्ये सगळीकडे एकच वस्तू लिहिली होती: 125 मिलिमीटरची पांढरी प्लास्टिकची गोल झडप, हॉटेलच्या बाथरूममध्ये असते तशी. आई दुपारी बराच वेळ पडून असते, तिच्या नजरेसमोर दिवसभर छतच असतं. तिथे मला ती झडप नको होती.

मी आधी भरपूर कॅटलॉग चाळले. गोल धातूची झडप, कडेच्या फटीतून हवा सोडणारी सपाट चौकोनी प्लेट, भिंतीलगत जाणारी लांब अरुंद फट, आणि गिलाव्यात गाडायची जिप्समची चौकट. मला सगळ्यांत आवडली ती लांब फट. दिवाणखान्यात भिंतीच्या कडेने एक मीटरची काळी रेघ, बाकी काहीच नाही. आराखडा करणाऱ्या गृहस्थांनी मला शिडीवर चढवलं आणि उघड्या छतात टॉर्च मारली. आमच्या छतातल्या तुळया 175 मिलिमीटर उंचीच्या. तुळईला पाडायचं भोक तिच्या उंचीच्या चौथ्या भागाहून मोठं चालत नाही, म्हणजे जेमतेम 43 मिलिमीटर. आमचा पाइप 75चा. म्हणजे पाइप तुळईला आडवा जाणारच नाही, दोन तुळयांमधल्या गाळ्यातूनच धावणार. मला हवी असलेली फट नेमकी तुळयांना आडवी होती, आणि तिच्या मागे लागणारा हवेचा डबा तिथे मावणार नव्हता. हे कॅटलॉग बघण्याआधी कळलं असतं तर माझे तीन आठवडे वाचले असते. आधी तुळया कुठल्या दिशेने जातात ते बघा, मगच चित्रं बघा.

मग मी पुठ्ठ्याचे गोल आणि चौकोन कापले, पांढरे रंगवले आणि आईच्या खोलीच्या छताला मास्किंग टेपने चिकटवले. तीन दिवस तसेच ठेवले. दुपारी चौकोन दिसेनासा व्हायचा. संध्याकाळी खिडकीतून तिरपा उजेड आला की थोड्या उचललेल्या गोलाखाली चंद्रकोरीसारखी सावली पडायची आणि सगळं लक्ष तिकडेच जायचं. आईने मात्र वेगळीच गोष्ट पकडली. म्हणाली, "अगं, आकाराचं सोड, ते दिव्याच्या रेषेत नाहीये म्हणून दिसतंय. समई जरा तिरकी लागली की देवघरात तेवढीच दिसते ना, तसं." मी पुठ्ठा चार बोटं सरकवून दिव्यांच्या ओळीत आणला आणि खरंच, खोलीत शिरल्यावर तो शोधावा लागला. मी आकारावर डोकं फोडत होते आणि मुद्दा जागेचा होता.

जागा ठरवताना आणखी एक पाळलं: पलंगाच्या डोक्यावर नाही. 19 अंशांची हवासुद्धा झोपलेल्या माणसाच्या मानेवर सतत उतरली तर गार लागते. आईच्या खोलीतला व्हेंट दिव्यांच्या ओळीतच, पण खिडकीच्या टोकाला गेला. हवा खोली ओलांडून दाराखालच्या 10 मिलिमीटरच्या फटीतून बाहेर पडते.

बेडरूम आणि दिवाणखान्यात शेवटी जिप्समची चौकट घेतली. ती छताच्या बोर्डात बसते, सांध्यांवर टेप लागते, वरून गिलाव्याचा पातळ हात फिरतो. आतली प्लेट चुंबकावर बसते आणि छताच्याच रंगात रंगवता येते; दिसते ती फक्त चौकोनी बारीक रेघ. महाग आहे, आणि गिलावा करणाऱ्याचा हात चांगला लागतो.

दिसू नये म्हणून बारीक फट घेतली की तिच्यातून हवा शिट्टी मारू शकते, ही माझी सगळ्यांत मोठी भीती होती. तिचं उत्तर आराखड्यात होतं. खोलीला किती हवा जायची ते व्हेंटपाशी फट आवळून न ठरवता माळ्यावर, जिथून पाइप फुटतात त्या पेटीत, रिंगा घालून ठरवायचं. मग व्हेंट पूर्ण उघडा राहतो. शिवाय एका पाइपातून तासाला साधारण 30 घनमीटरच्या वर हवा ढकलायची नाही असा आराखडा करणाऱ्यांचा हिशोब होता, म्हणून दिवाणखान्याला दोन पाइप दिले.

स्वयंपाकघरात लपवाछपवी केली नाही. आमच्याकडे रोज फोडणी होते. मोहरी तडतडली की तेलाचा धूर छताला जातो, आणि तो पाइपात गेला तर पुन्हा काढता येत नाही. तिथे धातूची साधी गोल झडप घेतली, मागे धुता येणारी जाळी, आणि तीही शेगडीपासून लांब. शेगडीवर वेगळा हुड आहे. ही झडप दिसते, आणि मला ती दिसलेलीच बरी वाटते, कारण जाळी कधी धुवायची ते कळतं.

शेवटी हवा मोजायची वेळ आली. इंग्लंडच्या नियमांच्या 2021च्या आवृत्तीप्रमाणे तीन बेडरूमच्या घराला सेकंदाला किमान 31 लिटर, किंवा दर चौरस मीटरला 0.3 लिटर, यांतलं जे जास्त असेल ते लागतं. आमचं घर 105 चौरस मीटर, म्हणून 32 धरले होते. व्हेंटवर हवा मोजायचं नरसाळं लावून मीटर बघायचा. आईच्या खोलीत 8 हवे होते, 8 आले. धाकट्याच्या खोलीत 6 हवे होते, तिथे 3. यंत्र तपासलं, माळ्यावरची रिंग काढून पाहिली, काही फरक नाही. मग मी शिडीवर चढून बोट फिरवलं तर प्लेटची फट दोन बाजूंनी रंगाने बंद झाली होती. रंगाऱ्याने प्लेट न काढता छतासकट रोलर फिरवला होता. ब्लेडने हळूहळू रंग कापला, चौकटीची कड एका जागी उडाली, ती पुट्टीने भरली. पुन्हा मोजलं, 6 आले. प्लेट काढून वेगळी रंगवायला सांगायचं माझ्याकडून राहून गेलं होतं.

पहिली कडक थंडी पडली त्या सकाळी मी आईच्या खोलीत गेले तर खिडकीची काच कोरडी होती. गेल्या वर्षी याच काचेखाली रोज टॉवेल पसरावा लागायचा. कपाट ओढून मागची भिंतही पाहिली. नवा रंग तसाच होता. आईला विचारलं रात्री आवाज येतो का. ती म्हणाली, "कसला?"