मगे धरलंस कित्याक?

रविवार, रात्र. झोप येत नाहीये म्हणून लिहितोय.

काल इथे अमेरिकेत, ओरेगॉनमधल्या डेशूट्स नदीवर मासे धरायला गेलो होतो, मॉपिन गावाच्या खालच्या बाजूला. सॅल्मनफ्लाय निघालेत, मे अखेर ते जूनचा पहिला आठवडा, एवढेच काय ते दिवस. तीन-चार वर्षं नदीच्या तळाला दगडाखाली काढलेला किडा काठावर चढतो, गवताच्या पात्यावर कात टाकतो आणि मग दोन इंची, नारिंगी पोटाचा, जड जड उडत फिरतो, वारा आला की धपकन पाण्यात. माझ्या कॉलरवरच तीन होते. रेडबँड ट्राउट मासे त्यासाठीच काठाला, अल्डरच्या फांद्यांखाली येऊन थांबतात. होडीतून गळ टाकायला तिथे बंदी आहे, उतरूनच टाकायचा, म्हणून मांडीइतक्या पाण्यात उभा राहून फांदीखाली फ्लाय, म्हणजे गरीला बांधलेला तसाच नकली किडा, सरकवत होतो, दोनदा झाडात अडकली, तिसऱ्यांदा बरोबर पडली, पाणी नुसतं फुगलं आणि फ्लाय गायब.

१६ इंच तरी असेल. अंगावर लाल पट्टा, पाठीवर मोहरी सांडल्यासारखे काळे ठिपके. नेटमध्ये होता तोवर मस्त शेपटी हाणत होता. मग मी फोन काढला.

तेच डोक्यातून जात नाहीये. ओल्या अंगठ्याने स्क्रीन लागेना, पहिला फोटो हलला म्हणून दुसरा, मग अजून एक. आज फोटोंवरची वेळ बघितली, पहिल्या आणि तिसऱ्यात ४० सेकंद. तेवढा वेळ तो हवेत. परत पाण्यात धरला तर आडवा झाला. प्रवाहाकडे तोंड करून, शेपटीच्या बुडाशी धरून उभा राहिलो, कल्ले मिटायचे आणि उघडायला वेळ लावायचे. शेवटी हातातून निसटला. पोहत गेला की वाहत गेला, हे मला अजून सांगता येत नाही.

फोटो बाबांना पाठवायचा होता. एवढ्या लांब राहून त्यांना दाखवायला माझ्याकडे असतं तरी काय, घर दाखवून झालं, बर्फ दाखवून झाला. यंदाही त्यांचं येणं... जाऊ दे. फोटो बघून लगेच फोन आला, आधी खूश झाले, मग म्हणाले, "सोडलंस? मगे धरलंस कित्याक?" मी काहीतरी बोललो नियमांचं. ४० सेकंदांचं नाही सांगितलं.

संध्याकाळी वेडर्स, पाण्यात उभं राहायची ती रबरी विजार, वाळत घातले तेव्हा जरा शांत झालो. बाबा खाडीवर गरी टाकायचे, मिळालं ते घरी आणायचे, आई तिखलं करायची, आम्ही काटा न् काटा चोखायचो. हिशोब तिथेच पुरा. माझा पुरा होत नाही, कारण मी मासा परत पाठवतो, मग निदान धड पाठवायला हवा, तेवढंच माझ्या हातात आहे. हात ओला, बार्ब, म्हणजे टोकाचा उलटा काटा, दाबलेली गरी, नेट पाण्यातच, फोन गाडीत. जुलैत स्टीलहेड वर यायला लागतील, जात हीच, फक्त समुद्र बघून आलेली, आणि त्यातले हॅचरीत न वाढवलेले, नदीतच जन्मलेले तर सोडावेच लागतात. तोवर हाताला सवय लावायची. अनघाला हे सांगितलं तर म्हणाली झोप आता.

नाही झोपलो. तिकडे सोमवारची सकाळ झाली असेल म्हणून बाबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं, आडवा झाला तेही. ते थोडा वेळ गप्प होते. मग एवढंच विचारलं, "पोटात गाबोळी होती काय रे?"

खरंच, रेडबँड याच दिवसांत अंडी घालतात. मला माहीत होतं हे. बघितलंच नाही मी.

आत्ता फोटो मोठा करून बघितला, तिन्ही. पोटावर माझी बोटं आहेत.